अठ्ठावीस इंचांचा ओटा

३ फेब्रुवारी

संस्थेच्या दारात तीन पायऱ्या आहेत. त्यांच्यावर फळी टाकून मला आत घेतात, आणि आत जाऊन मी पायऱ्यांविरुद्ध शिकवते. चार वर्षं हेच चाललंय. आज फळीच सापडेना, म्हणून शिपायानं आणि दोन विद्यार्थ्यांनी मला चाकाच्या खुर्चीसकट उचललं. वर पोचल्यावर शिपाई म्हणतो, "मॅडम, तुमच्याकडे बघून हिंमत येते." म्हटलं, "माझ्याकडे बघू नको, फळीकडे लक्ष दे." हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय.

आजचा विषय तीन प्रतिमानं, म्हणजे अपंगत्वाकडे बघायचे तीन चष्मे. दयेचं प्रतिमान म्हणतं, बिचारी! उपचाराचं म्हणतं, बिघाड हिच्यात आहे, दुरुस्त होत असेल तर करा, नाहीतर सोडून द्या. आणि सामाजिक प्रतिमान म्हणतं, हिचे पाय चालत नसतील, पण हिला अडवते ती पायरी. पायरी माणसांनी बांधली, माणसांनीच काढावी. हे तिसरं मी असं शिकवते की मागच्या बाकावरचे मोबाईल खाली जातात. शेवटी नेहमीप्रमाणे आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याचा फोटो दाखवला.

तास संपल्यावर संचालिका बाईंनी बोलावलं. प्रशिक्षण प्रमुखाची कायम जागा निघतेय. उमेदवार दोनच. एक मी, आणि दुसरा तो अपंगत्वावर दोन पुस्तकं लिहिलेला, दोन धडधाकट पायांवर फिरणारा गृहस्थ, ज्याला मी मनात 'गुळगुळीत' म्हणते. बाई म्हणाल्या, "निवड समिती सत्तावीस तारखेला तुमच्या घरी येईल. स्वतंत्र जगणं कसं असतं ते प्रत्यक्ष बघू. चित्रीकरणही करू."

ही जागा मला हवीच आहे. माझा आत्ताचा करार मार्चअखेर संपतो. मग दादा येणार आणि म्हणणार, "आता तू आणि आई, दोघी आमच्याकडेच चला, मधली खोली देतो." त्याच्या मधल्या खोलीच्या दारातून माझी खुर्ची जात नाही. तिथे गेले की उरलेला जन्म मी मधल्या खोलीतली आत्या.

५ फेब्रुवारी

समितीला द्यायला घराची माहिती लिहून काढली. ओट्याचा इतिहास लिहिताना मजा आली.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या अपघाताला तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी ठरवलं की या घरात मला कुठेही हात वर करावा लागता कामा नये. बटणं खाली घेतली, कपाटं खाली घेतली. ओट्याच्या वेळी गवंडी अडला. म्हणाला, "ताई, अर्धा ओटा तुमच्या उंचीचा करू, अर्धा आहे तसा ठेवू. आजींना सोपं पडेल." मी त्याला तासभर ऐकवलं. अर्धा ओटा म्हणजे अर्धं घर, अर्धी मेहेरबानी. मला अर्धं काही नको. बिचारा आईकडे वळला. आई म्हणाली, "तिला हवा तसा कर रे बाबा. मी घेईन जमवून."

तिचं ते वाक्य मी वर्गात नेहमी सांगते. एका साध्या, फारशा न शिकलेल्या बाईला सामाजिक प्रतिमान एका फटक्यात कसं कळलं, त्याचं उदाहरण म्हणून. ओटा झाला अठ्ठावीस इंचांचा, खाली मोकळा. खुर्ची थेट आत जाते.

९ फेब्रुवारी

आजकाल या घरात काहीच वेळेवर होत नाही. जेवायला अडीच वाजले. मी खोलीतून दोनदा हाक मारली तर आई म्हणते, "आले सरकार, आले." मला लाडानं सरकार म्हणते ती, लहानपणापासून. आज मात्र त्या हाकेचाही राग आला. सकाळपासून स्वयंपाकघरातच तर असते, करते काय इतका वेळ?

कमरेला तो मळका पट्टा आहेच. चालताना असं एका बाजूला झुकते की बघवत नाही. मी स्पष्ट सांगितलं, "आई, वजन वाढलंय तुझं. व्यायाम नाही, काही नाही. डॉक्टरला दाखव, गोळ्या घे, सकाळी चालायला जा. स्वतःच्या शरीराकडे बघायलाच नको तुला." ती म्हणाली, "वय झालं गं." मी म्हटलं, वय सगळ्यांचंच होतं.

बोलून झाल्यावर वाईट वाटलं. पण कोणीतरी बोलायला हवंच ना.

संध्याकाळी पाणी घ्यायला आत गेले तर ओट्याखाली चाक अडकलं. एक जुनी, चपटी झालेली उशी तिथे पडलेली. याआधी स्टूल असायचं. ते वाटेत येतं म्हणून दोन वर्षांपूर्वी मी काढायला लावलं, तर आता ही उशी! जमिनीवर काहीही ठेवायचं नाही, हा या घरातला पहिला नियम आहे. आईला नियम सांगून सांगून तोंड दुखलं माझं.

१३ फेब्रुवारी

दादा आणि वहिनी येऊन गेले. दादा आल्या आल्या, "आई, तू वाकलीस गं." मग त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याचं ते बघणं मला पाठ आहे. त्यात दया असते, आणि दयेखाली हिशेब असतो की ही किती दिवस असं रेटणार.

वहिनी भांडी घासायला आत गेली आणि पाच मिनिटांत कंबर धरून बाहेर आली. "बाई बाई, कसं काय करता हो तुम्ही इथे?" आई म्हणाली, "सवय झाली." वहिनीला कामाची सवयच नाही, त्याला ओटा काय करणार.

जाताना दादा दारात म्हणाला, "महिनाभर तरी आईला आमच्याकडे पाठव. विश्रांती मिळेल तिला."

"माझ्यापासून विश्रांती?"

"असं कुठे म्हटलं मी?"

"मग काय म्हटलंस?"

"तुझ्याशी बोलायची चोरी झालीय बघ," म्हणून गेला. आई खिडकीतून हात हलवत होती. मी खोलीत येऊन दार लावून घेतलं. मला कोणी ओझं म्हणालं की अंगाची आग होते. न म्हणता म्हणालं की जास्तच.

१६ फेब्रुवारी

माझा फॉर्म. माझ्या चार वर्षांच्या कामातली ही एकच गोष्ट मला खरोखर आवडते. इमारतींची तपासणी करायला मी तो तयार केला. पहिला प्रश्न: ही जागा रोज कोण वापरतं? लोक दाराची रुंदी, पायरीची उंची मोजत बसतात, पण माणूसच विचारात घेत नाहीत. म्हणून तो पहिला. मग मापं. मग, अडथळा कुठे आहे: शरीरात, जागेत, की माणसांच्या वागण्यात? शेवटची ओळ माझी सगळ्यात लाडकी: हा अडथळा कोणाच्या निर्णयाने उभा राहिला? त्यापुढे सहीची जागा. भल्याभल्या साहेबांना मी तिथे सही करायला लावलीय. पेन हातात घेऊन कसे चुळबुळतात! एक प्रत संस्थेला, एक जागा वापरणाऱ्या माणसाला.

आज आमच्याच घराचा फॉर्म भरला, समितीसाठी. टेपचं एक टोक आईकडे, एक माझ्याकडे. ओटा मोजताना ती खाली वाकली आणि तशीच थांबली. मी म्हटलं, "झालं मोजून, सोड." तर म्हणाली, "थांब जरा." अख्खं मिनिट गेलं तिला सरळ व्हायला.

पहिल्या प्रश्नापुढे लिहिलं: मी. अडथळा: नाही.

२० फेब्रुवारी

एक शंका. इथे लिहायला हरकत नाही, हे कोण वाचतंय! मी स्वयंपाक शेवटचा कधी केला? गेल्या वर्षी आईला ताप होता तेव्हा बाहेरून मागवलं. त्याआधी... आठवत नाही. येतो मला. करत नाही, इतकंच. सकाळी मला वाचायचं असतं, मग तास असतात, आणि आईला सवयच आहे. स्वतंत्र असणं म्हणजे सगळं स्वतःच करणं नव्हे, हे तर मीच शिकवते. करायचं ठरवलं तर करता आलं पाहिजे. मला येईल.

घर आवरायला घेतलं. पुन्हा ती उशी! मी चिमट्यानं उचलून कचऱ्यात टाकली. आई म्हणाली, "सत्तावीस तारखेपर्यंत राहू दिली असतीस." मी म्हटलं, "सत्तावीस तारखेसाठीच टाकतेय." यात काय कळत नव्हतं तिला, कोण जाणे.

२६ फेब्रुवारी

आई आठवडाभर घर घासतेय. आज दिवसभर ओट्याच्या फरशा पुसत होती. मधूनमधून भिंतीला टेकून डोळे मिटत होती. मी म्हटलं, "पुरे आता, लग्न आहे का घरात?" ती म्हणाली, "तुझी नोकरी आहे ना."

तिला सांगायचं होतं ते सांगून टाकलं. "उद्या ते येतील तेव्हा तू घरी नसलीस तर बरं. तसं नाही गं, पण तू असलीस की तेच दिसतं, आई सगळं करते म्हणून. वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे जाऊन बस दोन तास." मला वाटलं होतं रागावेल. उलट म्हणाली, "मग चहाची तयारी करून ठेवते. तुला सापडायचं नाही काही."

२७ फेब्रुवारी

झालं! फार छान झालं!

संचालिका बाई, एक वास्तुरचनाकार, एक निवृत्त न्यायाधीश आणि कॅमेरावाला. बटणं बघितली, कपाटं बघितली. मग बाई म्हणाल्या, "चहा कराल आमच्यासाठी?"

खुर्ची ओट्याखाली सुर्रकन गेली. आणि समोर बघते तर आईनं सगळं ओळीनं मांडलेलं. पातेल्यात पाणी मोजून घातलेलं. डब्यांवर कागदाचे तुकडे चिकटवलेले, त्यावर तिच्या मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरात १, २, ३. शेगडीच्या कोणत्या खटक्याला हात लावायचा, तिथे लाल दोरा बांधलेला. तरी आधी दुसराच खटका फिरवला मी. कॅमेरा चालूच होता, पण कोणाच्या लक्षात आलं नाही.

वास्तुरचनाकार म्हणाला, "वा! क्रमांक? किती विचारपूर्वक केलंय!"

"माझी पद्धत आहे," मी म्हटलं.

हे खोटं होतं. लिहून ठेवते. पण त्या क्षणी 'आईनं केलंय' म्हटलं असतं तर अकरा वर्षांवर पाणी पडलं असतं.

न्यायाधीशांनी विचारलं, "रोजच्या कामाला उंची सोयीची पडते?" म्हटलं, "अगदी." चहा चांगला झाला होता.

ते गेल्यावर अर्ध्या तासानं आई आली. काकू घरी नव्हत्याच म्हणे. "मग होतीस कुठे?" "जिन्यात बसले." दोन तास दगडी पायरीवर! म्हटलं, "फोन नाही का करायचास?" ती म्हणाली, "कॅमेरा चालू असताना वाजला असता ना."

२८ फेब्रुवारी

आई उठत नाहीये. सकाळी मी हाक मारली, तर खोलीतून आवाज आला, "सरकार, आज जरा थांबावं लागेल." गेले तर ती पलंगावर तशीच, मान हलवता येते, बाकी काही नाही. मला तिला उचलता येईना. तिला मला बाथरूमला नेता येईना. दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. दादाला फोन केला.

३ मार्च

हॉस्पिटल. कण्याची चकती सरकलीय, तीही आजची नाही, म्हणतात, जुनी.

डॉक्टर तरुण आहे. त्यानं पाय तपासायला आईचा गाऊन गुडघ्यापर्यंत वर केला आणि थांबला. दोन्ही गुडघ्यांवर काळे, जाड घट्टे. त्यानं बोटानं दाबून बघितले. मग अगदी साधेपणानं विचारलं, "आजी, किती घरी फरशा पुसायला जाता?"

आई म्हणाली, "कुठे नाही हो. घरीच असते मी."

दादानं माझ्याकडे बघितलं. या वेळी त्या बघण्यात दया नव्हती.

मी आईचे गुडघे शेवटचे कधी बघितले होते? ती माझे पाय रोज धुते, बोटांमधून टॉवेल फिरवते, कुठे लाल झालंय का ते चष्मा लावून बघते. मला तिचे गुडघे कसे आहेत ते माहीत नव्हतं.

६ मार्च

आईला परवा घरी सोडलं. दादा इथेच राहिलाय. आज व्यायाम शिकवणारी बाई आली. पिशवीतून टेप काढला. आईला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि म्हणाली, "रोज कशा उभ्या राहता ते दाखवा."

"उभी नाही राहत," आई म्हणाली. "उभं राहून तिथवर हात पोचतो, पण पाठ धरते. मी गुडघे टेकून करते." आणि पाय सवयीनं ओट्याखाली चाचपडायला लागला तिचा. "इथे उशी होती," असं स्वतःशीच म्हणाली.

मी कचऱ्याच्या डब्याकडे बघितलं.

बाईनं ओटा मोजला. अठ्ठावीस. आईला भिंतीशी उभं करून मोजलं. पाच फूट सहा. "एवढ्या उंच बाईला एवढा ओटा? हा केला कोणासाठी?"

"लेकीसाठी."

"मग स्वयंपाक लेक करते?"

दादानं तोंड फिरवलं. मी दारात होते, सगळं ऐकत होते. आई म्हणाली, "करते की. परवा चहा केला तिनं. इतका छान झाला म्हणे."

ती टोमणा मारत नव्हती. मारला असता तर बरं झालं असतं.

बाई वही मिटताना म्हणाली, "अर्धा खाली, अर्धा वर करायचा हो. कोणीही करून दिला असता." हे वाक्य माझ्या नोट्समध्ये पान चौदावर आहे. मी ते दर वर्षी शिकवते.

९ मार्च

आई दादाकडे गेली. निघताना मला म्हणाली, "महिन्याभरात येईन गं." वहिनीनं तिची पिशवी घेतली. मला सकाळ-संध्याकाळ मदतीला एक बाई ठरवून दिलीय दादानं, मला न विचारता. मी हो म्हटलं.

कोणाला सांगू, पण मला सगळ्यात जास्त राग आईचाच आलाय. अकरा वर्षं! एकदा तरी म्हणायचंस ना. मी जगभरच्या साहेबांना सुनावत फिरते, तुला एक वाक्य बोलता आलं नाही? मग आठवतं, ती बोलली होती. उशी राहू दे म्हणाली होती.

आणि मी तिला वजन कमी कर म्हटलं. गोळ्या घे म्हटलं. माझी अडचण पायरीत, आणि तिची अडचण तिच्या शरीरात. दोघींसाठी दोन चष्मे ठेवले होते मी, आणि चांगला स्वतःला घेतला.

१२ मार्च

निवड झाली. नियुक्तीपत्रासोबत संचालिका बाईंची चिठ्ठी: तुमचं स्वयंपाकघर आमच्या अभ्यासक्रमाचा पहिला धडा असेल. चित्रफीतही पाठवलीय. बघितली. डब्यांवरचे १, २, ३ अगदी स्पष्ट दिसतात. एका ठिकाणी कॅमेरा खाली जातो, माझी खुर्ची ओट्याखाली जाताना. तिथे फरशीवर दोन फिकट, गुळगुळीत जागा दिसतात, शेजारी शेजारी. हे आजवर एकदाही बघितलं नव्हतं.

आईला फोन केला. आवाज खुशीत होता. "अगं, इथला ओटा माझ्या उंचीचा आहे. आज दहा मिनिटं सरळ उभी राहिले."

म्हटलं, "आपलाही अर्धा उंच करून घेते. गवंड्याला बोलावते उद्याच."

ती म्हणाली, "राहू दे, सरकार. लोक बघायला येतात ना. तुझा ओटा आहे तो."

महिन्याभरात येईन, असं या वेळी म्हणाली नाही.

१४ मार्च

सकाळी स्वतः चहा केला, पहिल्यांदा कॅमेऱ्याशिवाय. ओटा उत्तम आहे. कोपर टेकतं, हात पोचतो, कुठे काही अडत नाही. रडत रडत प्यायले.

नियुक्तीपत्रावर सही केली. नाकारावं असंही मनात आलं, पण मग मधली खोली, आणि आई पुन्हा माझ्या पायांशी. केली सही.

मग दुसरा फॉर्म काढला. कोरा. पहिला प्रश्न: ही जागा रोज कोण वापरतं? आई. वापरणाऱ्याची उंची: पाच फूट सहा. ओटा: अठ्ठावीस इंच. स्टूल: काढून टाकलं. उशी: कचऱ्यात. अडथळा कुठे आहे? तिन्ही चौकटींवर पेन फिरवलं आणि शेवटच्या दोन्हींवर खूण केली. हा अडथळा कोणाच्या निर्णयाने उभा राहिला? त्या ओळीवर सही केली. साहेब लोक का चुळबुळायचे, ते कळलं.

संस्थेची प्रत त्याच चित्रफितीसोबत जाईल, पहिला धडा म्हणून. पुढे त्यांना काय करायचंय ते करोत. दुसरी प्रत पाकिटात घातली, वर दादाचा पत्ता लिहिला. आईला बारीक अक्षर वाचता येत नाही. दादाच तिला वाचून दाखवेल.